घाटावर सकाळ, घाटाखाली संध्याकाळ

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या डोंगरांत कॅमेरा घेऊन निघणाऱ्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरमधली सूर्योदयाची वेळ आधी विसरून जावी. ती बहुधा मुंबईची असते आणि बालाघाट मुंबईच्या जवळपास साडेसात अंश पूर्वेला आहे. डिसेंबरच्या शेवटी मुंबईत सात वाजून गेले तरी सूर्य दिसत नाही. बालाघाटला तो पावणेसातच्या सुमारास वर येतो. संध्याकाळी फरक आणखी वाढतो. साडेपाचला इथे सूर्य बुडतो, तेव्हा मुंबईत अर्ध्या तासाहून जास्त ऊन शिल्लक असतं. पुण्या-मुंबईची मंडळी ‘चहा घेऊ, मग पाचला निघू’ म्हणतात आणि ट्रायपॉड उघडेपर्यंत रंग उडालेला असतो. नागपूर-गोंदियावाल्यांना हे सांगायला नको. त्यांचा सूर्य जवळपास तोच.

दुसरी विसरायची गोष्ट म्हणजे ‘गोल्डन अवर’ हा शब्दप्रयोग, निदान त्यातला तास. फोटोग्राफीचे बहुतेक धडे युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी लिहिलेत आणि तिकडे सूर्य क्षितिजाला घासत तिरका चढतो. लंडनला हिवाळ्यात सूर्य सहा अंश वर यायला जवळपास तास लागतो. बालाघाट २१.८ अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या जरा खाली. इथे सूर्य जवळजवळ उभाच चढतो, ताशी साडेबारा ते चौदा अंश. सोनेरी उजेड मिळतो तो अर्धा तास. सूर्योदयाआधीचा निळसर उजेडही पंचवीसेक मिनिटांत संपतो. या अर्ध्या तासात एक जागा नीट होते, दोन होत नाहीत. गाडी घेऊन उजेडाच्या मागे धावायचं तर धावणं आधी, दिवसाढवळ्या, जागा हेरताना करायचं.

आणि हा अर्धा तास सपाट क्षितिजाचा. डोंगरात समोरची धार त्यातला किती खाते, ते आदल्या दिवशीच मोजून ठेवा. हात पूर्ण ताठ करा, तळवा आडवा धरा आणि क्षितिजापासून डोंगराच्या माथ्यापर्यंत किती बोटं बसतात ते पाहा. क्षितिज दिसत नसेल तर डोळ्यांच्या उंचीची रेषा धरा. एक बोट साधारण दोन अंशांचं. एका बोटाला पंधरा मिनिटं असा हिशेब सगळीकडे सांगतात, पण आपल्या अक्षांशावर तो चालत नाही. इथे बोटाला आठ-दहा मिनिटं धरा. समोरची धार चार बोटं उंच असेल तर सूर्य तुमच्यापर्यंत पोचायला पस्तीस-चाळीस मिनिटं उशीर, आणि तोवर तो पांढरा झालेला. त्या जागी सोनेरी ऊन कधी पडतच नाही. मात्र पाठीमागच्या धारेच्या माथ्यावर ते पडत असेल! मग त्याच जागी उभं राहायचं ते सावलीतून उजेडाकडे बघत.

सूर्य कुठून निघणार, हेही ‘पूर्वेकडून’ एवढ्यावर सोडू नका. डिसेंबरात इथला सूर्योदय पूर्वेच्या पंचवीस अंश दक्षिणेला होतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. सूर्यास्ताचंही तसंच. म्हणजे सहा महिन्यांत सूर्य पन्नास अंशांची येरझार घालतो. जूनमध्ये उजळलेली दरी पाहून ठेवली आणि डिसेंबरात तिथे गेलात, तर ती त्या वेळी सावलीत असू शकते.

आता जमिनीकडे येऊ. बालाघाट जिल्हा इंग्रजांनी १८६७ साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून केला, आणि ती जोडणी आजही डोळ्यांना दिसते. दक्षिणेला आणि पश्चिमेला वैनगंगेचं खोरं आहे: धानाच्या बांध्या, बोड्या, तलाव, अगदी आपल्या गोंदिया-भंडाऱ्याच्या झाडीपट्टीसारखं. रजेगावला वाघ नदीचा पूल ओलांडून बालाघाटकडे येताना राज्य बदलल्याची खूण फक्त पाट्यांवर दिसते. मग ईशान्येला एकदम मैकल-सातपुड्याची भिंत उठते, आणि तिच्या माथ्यावर सुमारे दोन हजार फुटांवर बैहरचं पठार पसरलेलं. बालाघाट शहरातून भरवेली, गांगुलपारा, उकवा असा रस्ता ही भिंत चढून बैहरला जातो. पाणीसुद्धा इथे बाजू बदलतं: घाटाखालचं वैनगंगेतून प्राणहिता-गोदावरीला, बैहरकडचं बंजर नदीतून नर्मदेला.

फोटोग्राफरसाठी या भिंतीबद्दल महत्त्वाचं एवढंच की तिचं तोंड साधारण नैर्ऋत्येकडे आहे. हिवाळ्यात सूर्य मावळतो तोही तिकडेच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी संध्याकाळचं ऊन घाटाच्या अंगावर येतं, सकाळी मात्र तीच भिंत स्वतःच्या सावलीत काळी पडलेली असते. म्हणून या जिल्ह्यात सकाळ घाटावर काढायची आणि संध्याकाळ घाटाखाली. बहुतेक लोक उलटं करतात. बालाघाटला मुक्काम, पहाटे उठून घाटाखालच्या तलावाशी हजर, समोर काळा डोंगर आणि मागे पांढरं आकाश. संध्याकाळी वर बैहरला, जिथे सूर्य सालाच्या झाडांमागे निमूट निघून जातो. मग म्हणायचं, बालाघाटच्या डोंगरांत दम नाही.

डोंगर उंच नाहीत हे खरंच. शिखर म्हणून बोट दाखवावं असं फारसं काही नाही, माथे चपटे. असे डोंगर दुपारच्या उन्हात पुठ्ठ्यासारखे सपाट दिसतात. त्यांना आकार देतात ती आडवी किरणं: प्रत्येक घळीत सावली भरते, प्रत्येक सोंडेची कड उजळते आणि साधी उतरणसुद्धा घडीव दिसते. म्हणून ऊन पाठीवर घेऊन फोटो काढण्यापेक्षा ते डाव्या किंवा उजव्या खांद्यावरून येईल असं उभं राहा. घाटाखालच्या मैदानात यासाठी मोकळी जागा भरपूर आहे. धुऱ्यावरून चालत दोनशे पावलं इकडे-तिकडे झालात तरी उजेडाचा कोन आणि पुढची चौकट दोन्ही बदलतात. पीक उभं असेल तर बांधीत उतरू नका, धुऱ्यावरच राहा. मालक दिसला तर आधी ‘राम राम’ करा, मग कॅमेरा काढा. इकडे पोवारी, गोंडी, हिंदी आणि मराठी सगळं चालतं.

गांगुलपाऱ्याचा तलाव सगळ्यांनाच माहीत आहे, पण तो झाडीने आणि टेकड्यांनी वेढलेला असल्यामुळे वरचा बोटांचा हिशेब तिथे करून बघावाच लागतो. पाण्यावर सावली आली आणि मागचा माथा अजून तांबूस आहे, ती पाच-सात मिनिटं प्रतिबिंबासाठी उत्तम. पाण्यावर थेट ऊन असताना प्रतिबिंब धुतलं जातं. भरवेली आणि उकव्याला मॅंगनीजच्या खाणी आहेत, त्यामुळे खनिज वाहणारे ट्रक या रस्त्यावर येत-जात असतात. त्यांच्या मागे उडणारी धूळ लेन्सची वैरीण, पण मावळतीकडे तोंड करून उभं राहिलात तर हीच धूळ उजेड पकडते आणि वळणाच्या रस्त्याला खोली देते. वळणावर गाडी थांबवून हा प्रयोग करू नका. रुंद जागी गाडी लावून मागे चालत या.

घाटावरच्या सकाळीचं मुख्य भांडवल धुकं. ते कधी पडेल याचा अंदाज आदल्या संध्याकाळी बांधता येतो. आकाश निरभ्र हवं, वारा पडलेला हवा आणि जमिनीत ओल हवी; एखादी अवकाळी सर आदल्या दिवशी येऊन गेली असेल तर फारच छान. सर्वांत सोपी खूण म्हणजे चुलींचा धूर. दिवेलागणीला गावातला धूर सरळ वर न जाता घरांच्या कौलांवरच आडवा पसरून राहिला, तर थंड हवा खाली बसायला लागली आहे आणि वर ऊबदार हवेचं झाकण आलं आहे असं समजा. रात्रभर हीच थंड हवा उतारावरून खोलगट जागी ओघळत जाते, आणि पहाटे ओढ्याकाठी, बांध्यांवर, कुरणांत धुकं साचतं. उकवा-बैहरच्या रस्त्यावर जिथे रस्ता थोडा उंचावरून जातो आणि बाजूला खोलगट भाग दिसतो, अशा दोन-तीन जागा आदल्या दुपारी ठरवून ठेवा.

धुक्याचा फोटो काढताना तोंड सूर्याकडे हवं. सूर्य पाठीमागे असेल तर धुकं राखाडी भिंतीसारखं दिसतं. सूर्य समोर, पण एखाद्या झाडाच्या खोडाआड घेतलात, तर किरणं सुटी होऊन फांद्यांतून खाली येतात. सूर्य दिसायला लागल्यावर दीड-दोन तासांत धुकं विरतं. त्यातली शेवटची पंधरा-वीस मिनिटं बहुतेक जण सोडून देतात, कारण तोवर ‘सोनेरी’ वेळ संपलेली असते. पण धुकं फाटायला लागलं की एक झाड दिसतं, एक लपतं, मध्येच एखादं गोठ्याचं छप्पर वर येतं. दर मिनिटाला चौकट नवी होते. टेकड्यांच्या एकामागे एक फिकट होत जाणाऱ्या रांगा हव्या असतील तर रुंद लेन्स बाजूला ठेवा आणि ७०-२०० लावा. १३५ च्या पुढे रांगा एकमेकींच्या जवळ येतात. रुंद लेन्समध्ये त्याच रांगा तळाशी दोन बोटं जाडीच्या राहतात आणि बाकी सगळं आभाळ.

बैहरहून पुढे मुक्कीला कान्हा राष्ट्रीय उद्यानाचं दार आहे. सफारीचा नियम साधा: गाडी सूर्योदयाच्या सुमारास आत, सूर्यास्ताच्या सुमारास बाहेर, खाली उतरायचं नाही. म्हणजे निळसर उजेड तुमच्या हातात नाही, आणि ट्रायपॉडही नाही. लेन्सखाली ठेवायला तांदळाची छोटी पिशवी न्या. कडक थंडीत कुरणातल्या गवतावर दव गोठून पांढरं होतं आणि त्यावर तिरपं ऊन आलं की वाघाची आठवणही राहत नाही. पण चालकाला ‘वाघ नको, कुरण हवं’ हे निघतानाच सांगून ठेवा, नाहीतर तो तुमच्या भल्यासाठीच गाडी पळवेल. बुधवारी दुपारची फेरी नसते, आणि गाभा क्षेत्र जुलै ते सप्टेंबर बंद असतं.

ऋतूंचं म्हणाल तर माझं मत पावसाळ्याच्या बाजूने आहे, जरी सगळे हिवाळ्याची शिफारस करतात. जुलैमध्ये रोवणी सुरू होते तेव्हा बांध्यांत पाणी असतं आणि पऱ्हे अजून विरळ असतात. या दोन-तीन आठवड्यांत घाटाखालचं सगळं मैदान आरसा होतं आणि डोंगर त्यात उलटा उतरतो. रोप दाट झालं की आरसा गेला. दिवसभर ढगाळ असलं तरी पश्चिमेकडे क्षितिजाशी एखादी फट आहे का, हे चारच्या पुढे बघत राहा. सूर्य त्या फटीत आला की दहा मिनिटं अशी मिळतात की वर काळेकुट्ट ढग आणि खाली पेटलेला डोंगर. इंद्रधनुष्य हवं असेल तर सूर्य ४२ अंशांच्या खाली असताना, सूर्याकडे पाठ करून शोधा. संध्याकाळी ते घाटाच्या बाजूलाच उमटतं, हा या भिंतीचा आणखी एक फायदा. ओल्या पानांवरची पांढरी चमक घालवायला पोलरायझर लावा. निळ्या आभाळाला मात्र तो रुंद लेन्सवर लावू नका, अर्धं आभाळ गडद आणि अर्धं फिकट येतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात धान पिकतं. इथल्या सुवासिक चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. कापणीआधीच्या त्या पिवळ्या बांध्या संध्याकाळच्या उजेडात वेगळ्या रंगवाव्या लागत नाहीत. मार्च-एप्रिल मात्र अवघड. मोहाची फुलं वेचता यावीत म्हणून झाडांखालचा पाला जाळतात, हवेत धूर आणि धूळ साचते, आणि सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच लाल होऊन विझतो. दूरचे डोंगर तेव्हा विसरा, जवळचं बघा. सालाला कोवळी पालवी आलेली असते, कुसुंबाची पानं तर फुलांसारखी लालभडक. अशा पानांमागून ऊन येईल असं उभं राहिलात तर सकाळी नऊलाही काम होतं. धुरातला लाल गोळा टिपताना ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला डोळा लावू नका. मागच्या स्क्रीनवर बघा.

चंद्राचा फोटो पौर्णिमेला काढायची चूक सगळे करतात. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या आसपास उगवतो आणि थोडा वर येईपर्यंत जमीन काळोखात जाते, मग चंद्र पांढरा डाग आणि खाली शाई. चतुर्दशीला तो सरासरी पाऊण तास आधी येतो. डोंगरावर ऊन असतानाच चंद्र वर, दोन्हींचं एक्स्पोजर जुळतं. आणि हिवाळ्यातला पूर्ण चंद्र जूनच्या सूर्यासारखा उत्तरेकडे झुकून उगवतो, म्हणजे बालाघाटच्या बाजूने बघितलं तर घाटाच्या दिशेनेच.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर कॅमेरा संध्याकाळचा तांबूसपणा दोष समजून पुसून टाकतो. तो ‘डेलाइट’वर ठेवा. आयएसओ १००, छिद्र एफ ८ ते ११, ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर. एफ १६ च्या पुढे गेल्यास चित्र मऊ पडू लागतं. आभाळ उजळ आणि दरी काळी असेल तर एकच चौकट तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरना घ्या, घरी जोडा. मोबाइलवाल्यांनी उजळ आभाळावर बोट दाबून धरून एक्स्पोजर लॉक करावं आणि जरासं खाली ओढावं. काळवंडलेली जमीन नंतर उचलता येते, उडालेलं आभाळ परत येत नाही. पावसाळ्यात गाडीतला एसी पोचण्याच्या वीस मिनिटं आधी बंद करा. नाहीतर थंड लेन्स दमट हवेत आली की पुसत बसण्यातच तुमचा तो अर्धा तास जाईल.

दुपारी झोपा, किंवा जागा हेरा. उभ्या उन्हाला साजेसं काही हवंच असेल तर हट्टा गावची जुनी दगडी बावडी आहे. विहिरीच्या तळाकडे ऊन पोचतं ते दुपारीच, आणि उन्हाळ्यात तर सूर्य इथे जवळजवळ डोक्यावर असतो.

आता सुरक्षेचं, आणि हे ऐच्छिक नाही. या घाटाचं जंगल कान्हा आणि पेंच यांच्यामधल्या वन्यजीवांच्या वाटेवर आहे. तिन्हीसांजेला चितळ, गवे, कधी बिबट्या रस्त्यावर येतात. सूर्यास्त टिपून मग अंधारात घाट चढायचा बेत नको. संध्याकाळची जागा मुक्कामापासून पंधरा-वीस मिनिटांच्या आत असावी. पहाटे गाडीपासून लांब, एकटे, झाडीत जाऊ नका. हा जिल्हा अनेक वर्षं नक्षलवादाच्या झळा सोसलेला आहे. लांजी, परसवाडा, बैहरच्या आतल्या रस्त्यांना लागण्याआधी जवळच्या ठाण्यात विचारा आणि हॉटेलात सांगून जा. पोलीस चौक्या, छावण्या, खाणी यांच्याकडे लेन्स वळवू नका. ड्रोन घरी ठेवा. बैगा आदिवासींच्या पाड्यावर गेलात तर माणसांना आणि घरांना विचारूनच टिपा, आणि नाही म्हणाले तर चहा पिऊन परत या.

दोन रात्रींचा बेत असा बसतो. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत बालाघाट, संध्याकाळ घाटाखाली, मुक्काम शहरात. दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा, ट्रक पुढे गेल्यावर, घाट चढा. दिवसभर उकवा ते बैहर जागा हेरा, बोटांनी धारा मोजा, संध्याकाळी चुलींचा धूर बघा, मुक्काम बैहर किंवा मुक्कीला. तिसरी पहाट पठारावर. पेट्रोल बालाघाटलाच भरा आणि नकाशे मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, वर नेटवर्क येतं-जातं. मुंबईकडे जाणारी विदर्भ एक्स्प्रेस गोंदियाहून दुपारी सुटते. तिचं तिकीट असेल तर धुकं कितीही रंगात आलं तरी नऊच्या आधी ट्रायपॉड मिटवा, कारण बैहर ते गोंदिया तीन तास सहज लागतात.